हवापालट

देवळाली कॅम्पात आम्ही घर घेतले ते हवेसाठी. बँकेतून निवृत्त झाल्यावर मुंबईच्या उपनगरातली दोन खोल्यांची जागा विकली आणि पेन्शनीचे आयुष्य लॅम रोडच्या आसपास काढायचे ठरवले. नातेवाईक म्हणाले, नाशिकलाच जायचे तर गंगापूर रोडला जा, कॉलेज रोडला जा. कॅम्पात काय आहे? मी म्हणायचो, हवा आहे. बायकोला दमा आहे. मुंबईत पावसाळ्याचे चार महिने तिने उशीला टेकून, बसून झोपण्यात घालवले आहेत. ज्याने ते पाहिले आहे, त्याला हवा ही किती किमतीची चीज आहे हे सांगावे लागत नाही.

आणि हवेसाठी इथे येणारे आम्ही काही पहिले नव्हेत. जुन्या मराठी घरांत एक शब्द फार ऐकू यायचा, 'हवापालट'. क्षयाला रामबाण औषध नव्हते तेव्हा डॉक्टर तीन गोष्टी लिहून देत : विश्रांती, दूध-अंडी आणि कोरडी हवा. सुमारे अठराशे फूट उंचीवरचे, घाटाच्या पलीकडचे आणि तरी मुंबईहून रेल्वेने एका दिवसात गाठता येणारे देवळाली त्यासाठी सोयीचे. पारशी, गुजराती, बोहरी अशा मुंबईच्या अनेक समाजांनी इथे आपापली सॅनिटोरियमे बांधली. उंच छताच्या खोल्या, चहूबाजूंनी व्हरांडे आणि अंगणात चिंच नाहीतर निंब. काही अजून उभी आहेत. इंग्रज सोजिरांना मात्र हेच देवळाली वेगळ्या कारणाने आठवत राहिले. मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट पाहत ते इथल्या छावणीत महिनोन्महिने पडून राहत. उन्हाळा आणि रिकामपण यांनी डोके फिरे. त्यावरून डोके फिरणे या अर्थी 'डूलॅली' हा शब्द इंग्रजीत कायमचा गेला. मूळचा वाक्प्रचार 'डूलॅली टॅप', आणि त्यातला 'टॅप' म्हणजे आपला 'ताप', असे कोशकार सांगतात. एकाच गावाच्या हवेने कुणाला बरे केले आणि कुणाला वेडे.

तर अशा गावात राहायचे आणि धूर सोडणारी गाडी चालवायची हे मनाला पटेना. म्हणून तीन वर्षांपूर्वी आम्ही विजेची मोटार घेतली. पेट्रोलचा वास नाही, धूर नाही, आवाज नाही. रात्री घराच्या पोर्चमध्ये प्लग लावायचा आणि सकाळी गाडी तयार. शेजाऱ्यापाजाऱ्यांना फेरी मारून आणताना मी जे व्याख्यान देत असे, ते आता आठवले की लाज वाटते. "या गाडीत शुद्ध हवेशिवाय दुसरे काही नाही," हे त्यातले एक वाक्य.

मागच्या हिवाळ्यात बायको म्हणाली, "अहो, गाडीत बसलं की मला जास्त होतं. घरात एवढं होत नाही."

मी म्हणालो, "धूर नसलेल्या गाडीत तुला त्रास होतो, हे काही पटण्यासारखं नाही. थंडीनं होत असेल."

ती गप्प बसली. तीन-चार दिवसांनी पुन्हा म्हणाली, "पंखा चालू केला की ओल्या फडक्यासारखा वास येतो. तुम्हाला नाही येत?" मला येत नव्हता. तपकीर सोडून दहा वर्षे झाली, पण माझे नाक काही परत आले नाही. मी कपाटातून सर्व्हिसिंगची बिले काढली. छत्तीस वर्षे बँकेत काढलेल्या माणसाची फाइल असते तशी माझीही फाइल आहे. तारीखवार, पंच केलेली. दोन्ही वर्षांच्या बिलांवर ओळ होती : 'केबिन एअर फिल्टर बदलला.' पुढे रक्कम. खाली माझी सही. मी तो कागद तिच्यापुढे ठेवला आणि वाद मिटला असे समजलो.

वाद मिटवला तो नातीने. नाताळच्या सुटीत ती पुण्याहून आली होती. वय वर्षे तेरा. कागद पाहून तिने विचारले, "आबा, हा फिल्टर असतो कुठे?"

मला सांगता येईना. दोन वर्षे ज्या वस्तूचे पैसे मी मोजले होते, ती गाडीत कुठे असते हे मला ठाऊक नव्हते. पुढच्या झाकणाखाली असेल, म्हणालो. नात गाडीबरोबर आलेले पुस्तक घेऊन बसली. ते पुस्तक तोपर्यंत त्याच्या प्लॅस्टिकच्या पिशवीतच होते. दहा मिनिटांत तिने जाहीर केले, की तो डावीकडच्या सीटसमोर, कागदपत्रे ठेवायच्या कप्प्याच्या मागे असतो आणि काढायला पान्हासुद्धा लागत नाही.

मग रविवारी सकाळी आम्ही तिघे त्या मागे लागलो. बायको नाकावर पदर धरून लांब उभी, नात विजेरी धरून, आणि मी सीटच्या पुढे गुडघे टेकून. कप्पा रिकामा केला. त्यातून दोन चष्मे, इन्शुरन्सचे कागद, टोलच्या पावत्या आणि गेल्या गणपतीतला खडीसाखरेचा पुडा निघाला. कप्प्याच्या दोन्ही बाजू आत दाबल्या तसा तो खाली लोंबला. मागे एक लांबट झाकण होते. त्याच्या दोन खिट्या दाबून ते काढले आणि फिल्टर हळूच बाहेर ओढला.

काय बाहेर आले ते सांगतो. घड्या घातलेल्या कापडी कागदाची वहीएवढी चौकट. एका अंगाने ती राखाडी नव्हे, काळी. घड्यांच्या खाचांत मातीची ढेकळे, निंबाच्या काड्या, वाळलेली पाने, मेलेले किडे, आणि एका कोपऱ्यात उंदराने आणून ठेवली असावी अशी कापसाची गुंडी. ओलसर, कुबट वास. तो मलासुद्धा आला. चौकटीच्या कडेवर ठशाने उठवलेला महिना आणि साल होते. नातीने ते मोठ्याने वाचले. आमची गाडी कारखान्यातून बाहेर पडली त्याच सुमाराचे ते होते.

म्हणजे तो फिल्टर कधीच बदललेला नव्हता. दोनदा पैसे घेतले गेले, दोनदा मी सही केली, आणि माझी बायको तीन वर्षे त्या पेटीतून येणारी हवा घेत होती.

तिने काही म्हटले नाही. "बघितलंत?" एवढेही नाही. तिने फक्त वर्तमानपत्र आणून जमिनीवर पसरले, त्यावर तो फिल्टर ठेवायला सांगितला आणि ती आत चहा टाकायला गेली. एकदा भांडली असती तर बरे झाले असते.

दुसऱ्या दिवशी सर्व्हिस सेंटरला गेलो. तिथल्या साहेबांनी दिलगिरी व्यक्त केली, नवा मुलगा होता म्हणाले, पैसे परत केले. त्यांचे नाव मी लिहीत नाही. आता सगळा दोष त्यांच्यावर टाकून मोकळे होण्याचा मोह मला आवरायचा आहे, कारण सही माझी होती.

बँकेत असताना मी तारण मालाच्या तपासणीला जात असे. व्यापारी गुदामात माल ठेवी, बँक त्यावर कर्ज देई, गुदामाला बँकेचे कुलूप असे. महिन्याकाठी आम्ही जाऊन पोती मोजायची. मी नवा अधिकारी असताना एका तालुक्याच्या गावी दारातूनच पोती मोजली. समोर बारा, वर नऊ, आत किती रांगा हे व्यापाऱ्याने सांगितले, मी गुणाकार केला आणि रजिस्टरवर सही ठोकली. परतताना आमच्या जुन्या शिपायाने विचारले, "साहेब, मागची पोती हलवून बघितली का?" आम्ही मागे फिरलो. पुढच्या दोन रांगांत धान्य होते आणि मागे सगळा भुसा. माझी नोकरी त्या शिपायाने वाचवली. त्या दिवसापासून निवृत्त होईपर्यंत मी हाताखालच्या प्रत्येक पोरासोराला एकच मंत्र दिला : कागदावर जे आहे ते गुदामात आहे का, ते आत शिरून बघा. आणि घरच्या गाडीच्या बाबतीत मीच दारातून पोती मोजत होतो.

म्हणून आज हा लेख. विजेच्या गाडीतला हवेचा फिल्टर प्रत्येकाने स्वतः बदलावा, निदान स्वतः उघडून पाहावा, असे माझे म्हणणे आहे. पैसे वाचतात म्हणून नव्हे. वाचतात ते काही शे रुपये. तेवढ्यासाठी मी रविवारची पुरवणी अडवली नसती. ज्या हवेवर आपली माणसे जगतात ती कशातून गाळून येते, हे घरातल्या एका तरी माणसाने डोळ्यांनी पाहिलेले असावे, म्हणून.

विजेच्या गाडीच्या बाबतीत हे अधिक खरे का, ते सांगतो. पेट्रोलच्या किंवा डिझेलच्या गाडीला स्वतःला श्वास घ्यावा लागतो. इंधन जाळायला हवा लागते, म्हणून इंजिनाला वेगळा एअर फिल्टर असतो. तो तुंबला की गाडी कुरकुरते, ओढत नाही, आणि मालक निमूटपणे गॅरेजात जातो. विजेच्या गाडीला जाळायचे काही नाही. तिला इंजिन ऑइल नाही, ऑइल फिल्टर नाही, प्लग नाही, इंजिनाचा एअर फिल्टर नाही. सर्व्हिसिंगच्या यादीतून एवढे सगळे गळाल्यावर जे मोजके उरते, त्यात टायर, ब्रेकचे तेल, गार ठेवणारे द्रव, वायपर आणि हा फिल्टर. गाडीला त्याची गरज नाही, ती केवळ आतल्या माणसांना आहे. तो तुंबला तरी गाडी तशीच सुसाट पळते. तक्रार करतो तो आत बसलेला माणूस, आणि त्याचे कुणी ऐकले तर.

या पेटीचे काम साधे आहे. पुढच्या काचेच्या खालच्या जाळीतून बाहेरची हवा आत येते, फिल्टरमधून जाते आणि मग पंखा ती आपल्या तोंडावर सोडतो. साधा फिल्टर धूळ, परागकण, पानकाडी अडवतो. काहींत कोळशाचा थर असतो. तो वास आणि काही वायू धरून ठेवतो. असा फिल्टर नवा असतानाही काळसरच दिसतो, तेव्हा रंगावरून घाबरू नये, घड्यांत काय साचले आहे ते पाहावे. तुंबलेल्या फिल्टरमधून हवा कमी येते, काचा लवकर धुरकटतात, आणि पंखा वाढवला तरी गार होत नाही. पावसाळ्यात साचलेला पाला भिजला की बुरशीचा वास धरतो. आमच्या घरातले 'ओले फडके' ते हेच. साधारणपणे वर्षातून एकदा, किंवा पंधरा-वीस हजार किलोमीटरला तो बदलायला सांगतात. आमच्यासारखे धुळीच्या रस्त्याने जाणारे असतील तर त्याआधी.

करायचे कसे? प्रथम गाडीचे पुस्तक वाचावे. बऱ्याच गाड्यांत जागा डाव्या कप्प्यामागे असते, काहींत पुढच्या झाकणाखाली काचेच्या तळाशी, काहींत पायाशी. गाडी पूर्ण बंद करावी. विजेची गाडी आवाज करत नाही, त्यामुळे ती चालू आहे की बंद हे कानाला कळत नाही. समोरच्या पडद्यावर पाहावे आणि किल्ली दूर ठेवावी. नाकाला मास्क बांधावा, आणि दमेकऱ्याने हे काम करू नये, जवळही उभे राहू नये. कप्पा काढताना त्याला एका बाजूने दोरी किंवा दांडी असते, ती आधी सोडवावी, ओढाताण करू नये. जुना फिल्टर काढण्यापूर्वी त्यावरच्या बाणाची दिशा लिहून ठेवावी, कारण नव्याचा बाण तसाच यायला हवा. उलटा बसवला तर काम केल्याचे समाधान मिळेल, पण काम झालेले नसेल. खाच ओल्या फडक्याने पुसावी आणि कोरडी करावी. कागदी फिल्टर धुऊन किंवा जोराची हवा मारून पुन्हा वापरू नये. तंतू फाटतात आणि धूळ तुमच्याच अंगावर येते. नवा घेताना गाडीचे मॉडेल आणि साल दुकानदाराला दाखवावे. आणि शेवटी वहीत तारीख आणि किलोमीटर लिहावे. एक गोष्ट मात्र काटेकोर : विजेच्या गाडीत नारिंगी रंगाच्या जाड तारा असतात, त्यांत जिवावर बेतेल इतका दाब असतो. त्या जिथे दिसतील तिथे आपले काम संपले, तिथून पुढे शिकलेल्या माणसाचे. फिल्टरच्या वाटेत त्या सहसा येत नाहीत.

सगळे मिळून मला चाळीस मिनिटे लागली. त्यातली पंचवीस कप्पा परत बसवण्यात गेली. दुसऱ्या खेपेला पंधरा मिनिटांत झाले.

यावर तीन आक्षेप मी ऐकले आहेत. पहिला, वॉरंटी जाईल. हा धाक आपल्याला इतका भिनला आहे, की गाडीचे झाकण उघडतानाही आपण इकडे तिकडे बघतो. वॉरंटीचे पुस्तक शांतपणे वाचावे, फिल्टर योग्य जातीचा घ्यावा, बिल जपावे, शंका असेल तर लेखी विचारावे. आपल्या वस्तूची दुरुस्ती आपल्याला करता यावी, की ती ज्याने विकली त्याच्याच दारात जावे लागावे, हा प्रश्न आता जगभर विचारला जात आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याने 2012 मध्ये मोटारींच्या दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला. आपल्याकडे 2014 च्या ऑगस्टमध्ये स्पर्धा आयोगाने 14 मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून अधिक दंड ठोठावला. बाहेरच्या गॅरेजांना सुटे भाग आणि तांत्रिक माहिती मिळू देत नाहीत, हे त्यामागचे मुख्य कारण. प्रकरण पुढे अपिलात गेले, पण प्रश्न चव्हाट्यावर आला. 2022 च्या जुलैमध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, आणि त्याच वर्षी 24 डिसेंबरला, ग्राहक दिनी, त्यासाठीचे पोर्टल सुरू झाले. शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे आणि मोटारी हे चार विषय त्यात घेतले. हक्क मिळतो आहे ही चांगली गोष्ट. पण कप्पा उघडायचाच नाही असे ठरवून बसलेल्या माणसाला हक्क मिळून काय उपयोग?

दुसरा आक्षेप, मिस्त्रीच्या पोटावर पाय येईल. हा मी गंभीरपणे घेतो. पण ज्याला आपले काम येते त्या मिस्त्रीला जाणत्या गिऱ्हाइकाची भीती नसते. आमच्या भागातल्या एका छोट्या गॅरेजवाल्याला मी हा फिल्टर दाखवला. तो म्हणाला, "काका, तुमच्यासारखे बघणारे चार जण असते तर आम्हाला खरं काम करायला हुरूप येतो. न बघणाऱ्यांमुळेच खोटं काम स्वस्त पडतं." गुदामातल्या व्यापाऱ्यालाही हे लागू होते. प्रामाणिक व्यापारी पोती हलवायला स्वतः हमाल देत असे.

तिसरा आक्षेप कुणी बोलून दाखवत नाही, पण तो सर्वांत जुना आहे : हे आपले काम नव्हे. लेखणी धरणाऱ्याने हात काळे करायचे नाहीत. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक होते. ती नोकरी सोडून ते बेळगावात सायकलीच्या दुकानाकडे वळले, पुढे लोखंडी नांगर बनवले, 1910 मध्ये किर्लोस्करवाडी वसवली. आपण त्यांचे कौतुक भाषणांत करतो आणि बल्ब गेला तरी माणूस बोलावतो.

पण आपण नेहमीच असे नव्हतो. माझ्या पिढीने स्कूटर आडवी करून सुरू केली आहे. प्लग काढून सॅंडपेपरने घासला आहे. स्टोव्हला पिन मारली आहे, फ्यूजची तार बांधली आहे. आणि सर्वांत महत्त्वाचे, दर रविवारी पाण्याच्या फिल्टरमधल्या पांढऱ्या कँडल्स नळाखाली धरून ब्रशने घासल्या आहेत. त्यांवरून निघणारा तो तपकिरी चिखल आठवतो? आई आम्हाला बोलावून दाखवायची, "हे बघा, हे तुमच्या पोटात गेलं असतं." त्या आठवड्यात पाणी गढूळ आले की घरात कळायचे, घरातून चाळीत कळायचे, आणि चाळीतून चार माणसे वॉर्ड ऑफिसात जायची. आता भिंतीवर बंद पेटी आहे. वर्षातून एकदा माणूस येतो, काहीतरी बदलतो, सही घेऊन जातो. पाणी स्वच्छ येते असे आपण धरून चालतो. गाळ दिसत नाही म्हणून वॉर्ड ऑफिसातही कुणी जात नाही.

माझा मूळ मुद्दा हाच आहे. फिल्टर हा नुसता पडदा नाही, तो जमाखर्च आहे. गावाच्या हवेत वर्षभरात काय जमा झाले, ते तिथे घडीघडीने लिहिलेले असते. वर्तमानपत्रावर ठेवलेला आमचा फिल्टर मी भिंगाने पाहिला. मातीचा रंग खोदलेल्या रस्त्यांचा होता. 2027 च्या सिंहस्थासाठी रस्त्यांची कामे निघाली आहेत, ती आपल्या नाकापर्यंत आली होती. काजळी होती. थंडीच्या सकाळी आमच्या भागात पालापाचोळा गोळा करून पेटवतात, त्याची असेल, नाहीतर ट्रकांची. द्राक्षबागांवर फवारणी चालू असताना भगूरकडून येताना नाकात जो उग्र दर्प भरतो, तो धुळीबरोबर किती बसला असेल, हे भिंगातून दिसत नाही. आणि मला शुद्ध वाटणारी माझी वीज? राज्यातली बरीच वीज अजून कोळशावरच होते. एकलहऱ्याच्या वीज केंद्राच्या चिमण्या इथून फार लांब नाहीत. माझी गाडी दारात धूर सोडत नाही एवढेच. शिवाय टायर झिजतात, त्यांची भुकटी उडते. विजेची गाडी वजनाला जड, तेव्हा त्यात तिचाही वाटा आहे. ब्रेकची भुकटी तेवढी कमी, कारण वेग कमी करण्याचे बरेच काम मोटरच करते.

केंद्र सरकारने जानेवारी 2019 मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला. हवेचे राष्ट्रीय मानक सतत ओलांडणारी शहरे त्यासाठी निवडली. त्या यादीत नाशिक आहे. द्राक्षांचे, थंड हवेचे, हवापालटाचे नाशिक. आणि मानकही किती सैल? पीएम 2.5 म्हणजे केसाच्या जाडीच्या तिसाव्या हिश्श्याएवढे आणि त्याहून बारीक कण, जे थेट फुप्फुसाच्या तळाशी जातात. आपल्या 2009 च्या मानकाप्रमाणे वर्षाची सरासरी घनमीटरला 40 मायक्रोग्रॅम चालते. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये सांगितलेली मर्यादा 5 आहे. गाडीतला साधा फिल्टर असे बारीक कण थोडेफार अडवतो, सगळे नाही. कार्बन मोनॉक्साइड तर मुळीच नाही. आणि आतलीच हवा आत फिरवण्याचे बटण दाबून तासन् तास बसावे, तर आपल्याच उच्छ्वासाने गाडीत कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि चालवणाऱ्याला पेंग येते. म्हणजे काचा लावून जगापासून तुटण्याचीही सोय नाही.

कुणी म्हणेल, मग पाच माणसांच्या गाडीत फिल्टर बदलून काय साधले? रस्त्याच्या कडेला भाजी विकणाऱ्या बाईला कुठला फिल्टर? बरोबर आहे, आणि मला हेच म्हणायचे आहे. जुन्या सॅनिटोरियमांत ज्याने त्याने आपली हवा पेटीत भरून आणलेली नव्हती. व्हरांडा उघडा होता आणि हवा सगळ्या गावाची होती. ती राखायची तर ती बिघडली आहे हे आधी दिसले पाहिजे. बंद काचेच्या आत बसणाऱ्या आम्हा लोकांना ते दिसत नाही, आणि तक्रारअर्ज लिहायची सवय, वेळ व भाषा नेमकी आमच्याकडे आहे. तो काळा फिल्टर पाहिल्यानंतर मी आमच्या गल्लीत पाला जाळणे थांबावे म्हणून अर्ज केला. अर्जासोबत फिल्टरचा फोटो लावला. पाला अजून अधूनमधून जळतो. पण आमच्या आणि शेजारच्या दोन बंगल्यांतला आता खड्ड्यात जातो, त्याचे खत होते. तीन घरे म्हणजे काही क्रांती नव्हे, हे मला कळते.

बायकोचा दमा गेला असे मी म्हणणार नाही. दमा असा जात नाही; तिचा पंप पर्समध्ये असतोच, आणि डॉक्टरांची औषधे चालू आहेत. गाडीतला वास गेला, आणि गाडीत बसल्यावर येणारी ती ठरावीक खोकल्याची उबळ कमी झाली, एवढे ती सांगते. ती सांगते आणि आता मी ऐकतो.

जूनच्या पहिल्या रविवारी पुन्हा कप्पा उघडला. पावसाळ्यापूर्वी एकदा पाहायचे असे ठरवले होते. नात पुण्यात होती, म्हणून विजेरी धरायला बायको आली. मी तिला लांब राहायला सांगितले, तशी मास्क बांधून दाराच्या पलीकडे उभी राहिली. पाच महिन्यांतच घड्यांच्या टोकांवर करडी रेघ आली होती. मी तिला ती दाखवली. ती बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "वहीत लिहा. आणि तारखेपुढे सही माझी घ्या."

वहीत आता तिची सही आहे.